ओळीवरचं बोट

तिसरीचा वर्ग मराठीचा धडा एका सुरात वाचत होता. बेळगावच्या पश्चिमेला, भाताच्या शेतांना लागून असलेली सरकारी मराठी शाळा. जून संपत आलेला आणि कौलांवर पावसाचा आवाज इतका, की बाईंना प्रत्येक ओळ ओरडूनच सांगावी लागत होती. बाई एक ओळ म्हणायच्या, मागोमाग सगळा वर्ग तीच ओळ म्हणायचा. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. व्हरांड्यातून जाणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, वर्ग छान चाललाय. खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीचं बोट मात्र पुस्तकात भलतीकडेच होतं. तोंडानं ती तिसरी ओळ म्हणत होती आणि बोट पाचव्या ओळीवरून पुढे चाललं होतं. बाकीचे पानाच्या मध्यावर असताना ते खालच्या चित्रावर जाऊन थांबलं. तिनं एकही शब्द चुकीचा म्हटला नाही. त्यातला एकही शब्द तिला वाचता मात्र येत नव्हता.

ते बोट डोक्यातून जात नाही.

सामूहिक वाचन वाईट असतं असं मुळीच नाही. कविता तशीच म्हणायची असते, नवा अवघड शब्द चार वेळा एकत्र म्हटला की जिभेवर बसतो, आणि बुजऱ्या मुलाला घोळक्याच्या आवाजात आपला आवाज मिसळायला धीर येतो. पण रोजचा वाचनाचा तास तेवढाच असेल, तर ज्या मुलाचे कान तल्लख आहेत त्याला डोळे वापरायची गरजच पडत नाही. असं मूल पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत सहज सरकतं. धडा पाठ, प्रश्नांची उत्तरं पाठ, फळ्यावरचं अक्षर वळणदार उतरवलेलं. चौथीत परिसर अध्ययनाचे लांब धडे येतात, गणितात वाक्यांची उदाहरणं येतात, आणि पाठांतर पुरत नाही. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात येतं. तोवर ‘आपल्याला जमत नाही’ हे त्या मुलानं मनाशी ठरवून टाकलेलं असतं, आणि ही समजूत काढणं अक्षरं शिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण.

हे तिसरीच्या जूनमध्येच कळायला महागडं काही लागत नाही. मुलांनी न पाहिलेला साठ-सत्तर शब्दांचा साधा उतारा हवा, शक्यतो खालच्या इयत्तेच्या पातळीचा. त्याच्या दोन प्रती काढायच्या, एक मुलाच्या हातात आणि एक शिक्षकाच्या. मूल वाचतं, शिक्षक चुकलेल्या शब्दावर बारीक रेघ मारतात, मिनिट झालं की जिथं पोहोचलं तिथं खूण करतात. वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा केले की आकडा मिळतो. मग पुस्तक मिटून दोन प्रश्न विचारायचे. एक उताऱ्यात सरळ सापडणारा, एक ‘का’ विचारणारा. एका मुलाला तीन मिनिटं पुरतात. पंचवीस मुलांचा वर्ग असेल तर रोज पाच मुलं, बाकीचे शुद्धलेखन करत असताना, म्हणजे आठवड्यात वर्ग पुरा होतो. 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानानं तिसरीअखेरचं लक्ष्य ठेवलंय ते अनोळखी मजकूर मिनिटाला किमान 60 शब्दांच्या वेगानं, अर्थ समजून वाचण्याचं. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, ‘शेजाऱ्यांच्याकडून’ हा एकच शब्द मोजला जातो, त्यामुळे आपल्या मुलांना 60 गाठणं सोपं नाही. मला त्या आकड्यापेक्षा जूनचा आकडा आणि ऑगस्टचा आकडा यांतला फरक जास्त मोलाचा वाटतो.

ही साधी गोष्टही ठरलेल्या ठिकाणीच बिघडते. शिकवून झालेला धडाच वाचायला देतात, मग मूल आठवणीतून म्हणतं आणि आकडा फसवतो. सगळ्या वर्गासमोर उभं करून वाचून घेतात, मग मागून कुणीतरी शब्द पुरवतं, किंवा मुलाचा घसा कोरडा पडून येणारंही येत नाही. अडलं की लगेच सुधारतात आणि मिनिट निघून जातं. मूल अडलं तर तीन सेकंद थांबावं, ‘पुढचा वाच’ म्हणावं आणि रेघ मारावी. शिकवायचं ते नंतर. व्हरांड्याच्या टोकाला, दोघांचीच सतरंजी टाकून, मांडीला मांडी लावून बसलं की मूल मोकळं वाचतं.

रेघा मारलेले कागद शेजारी ठेवले की वर्गाचं खरं दुखणं दिसायला लागतं. कुणी घ आणि ध मध्ये, भ आणि म मध्ये, थ आणि य मध्ये अडखळतं. कुणाची अक्षरं पक्की, पण मात्रा कच्च्या. कुणी सगळं वाचतं आणि रफार आला की थबकतं. या तिघांना एकच धडा परत वाचायला लावून काही होणार नाही. आपल्या भागात आणखी एक गोष्ट असते, ती पुण्याच्या शिक्षकाच्या ध्यानीमनीही नसेल. इथलं मूल मराठी अक्षरं पक्की होण्याआधीच कन्नड अक्षरं गिरवायला लागतं. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहितात, कन्नडमध्ये इ-काराची खूण अक्षराच्या माथ्यालाच मिसळून जाते. ‘पुस्तक’ लिहिताना आपण स अर्धा करून त पूर्ण लिहितो. कन्नडमध्ये स पूर्ण असतो आणि त चं छोटं रूप खाली लटकतं, त्यांचं ओत्तक्षर. ‘कर्नाटक’मधला र दोन्ही लिप्यांत उच्चारात आधी आणि लिहिताना नंतर येतो, पण मराठीत ना च्या डोक्यावर, कन्नडमध्ये उजव्या अंगाला. तिसरीतलं मूल जोडाक्षरं उलटी लिहितं तेव्हा त्याचं लक्ष नसतं असं नाही. दोन वेगळे नियम ते एकाच वेळी डोक्यात सांभाळत असतं.

म्हणून दोन्ही भाषांच्या शिक्षकांनी आठवड्यातून दहा मिनिटं एकत्र बसावं, एवढीच माझी मागणी असते. मराठीत जोडाक्षरं चालू असतील त्या पंधरवड्यात कन्नडमध्ये ओत्तक्षर नको, तिथं गाणी, वर्गातल्या वस्तूंची नावं, बन्नी-कुळितुकोळ्ळी (या, बसा) असल्या सूचना, बाजारातले संवाद चालू द्यावेत. 2015 च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकायचीच आहे, आणि सीमाभागातल्या मुलाला ती चांगली यायलाच हवी; बँकेत, तहसीलदार कचेरीत, दवाखान्यात तिच्यावाचून अडतं. पण एका लिपीचा पाया भरला की दुसरी लिपी लवकर येते, दोन्ही अर्धवट राहिल्या की मूल दोन्हीकडून मागं पडतं. हे वेळापत्रक ठरवायला वरून आदेश यायची वाट पाहायला नको. घरच्या बोलीचंही तसंच. मूल ‘पाऊस पडायलाय’ म्हणालं तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, पुस्तकातलं रूप मागाहून फळ्यावर लिहावं. बोलता बोलता पहिल्याच शब्दाला अडवलेलं मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही.

प्रश्न विचारायची पद्धत हा दुसरा मोठा भाग. ‘समजलं काय?’ आणि सगळ्यांचा लांबलचक ‘होऽऽ’. या उत्तरातून शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली. आपल्या वर्गात करून पाहायला खर्च नाही. आधी प्रश्न, मग मनात तीन अंक, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीची मुलं त्या क्षणी सुटतात. नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या बाकावरच्या त्याच चार मुलांचे हात रोज जिंकत नाहीत.

त्याहून उपयोगी पाटी. सगळ्यांनी उत्तर लिहायचं, पाटी पालथी धरायची, ‘दाखवा’ म्हटलं की एकदम वर. पाच सेकंदांत अख्खा वर्ग डोळ्यांखालून जातो. फळ्यावर 52 वजा 27 द्या. ज्यांनी 25 लिहिलंय त्यांची काळजी नाही. काही पाट्यांवर हटकून 35 दिसेल. ही मुलं दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा करतात. त्यांना ‘हातचा घ्यायला विसरलास’ असं सांगून उपयोग नाही, कारण दशक सुटा होतो म्हणजे काय हे त्यांनी हातानं केलेलंच नाही. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या त्यांच्यासमोर ठेवायच्या, सत्तावीस काढून द्यायला सांगायचं. एक जुडी सोडल्याशिवाय सात देता येत नाहीत हे त्यांना स्वतःलाच कळतं. जुडी सोडणं आणि फळ्यावर पाचाचे चार करणं एकाच वेळी चालू ठेवलं तरच दोन्ही जुळतं. आज काड्या, उद्या फळा असं केलं की काड्यांचा खेळ वेगळा राहतो आणि गणित वेगळं.

आता प्रश्न असा, की खिडकीजवळचं ते बोट कुणी बघायचं? बाई बघू शकत नव्हत्या. त्या वर्गात तिसरीबरोबर चौथीही बसत होती, फळा अर्धा तिसरीचा, अर्धा चौथीचा. ओळी सांगायच्या, पलीकडे गडबड चालली की दटावायचं, वर पावसाचा आवाज. शिकवणाऱ्या माणसाला शिकवता शिकवता सगळी मुलं दिसत नाहीत, यात त्याचा दोष नाही. दुसऱ्या कुणीतरी शांत बसून बघायला लागतं. माझ्या मते मुख्याध्यापकाचं खरं काम हे आहे. रंगरंगोटी, स्वच्छ पटांगण, वेळेवर गेलेली माहिती याचा मान मला आहे, पण मुलाचं वाचन त्यानं सुधारत नाही.

मुख्याध्यापक वर्गात येतात तेव्हा बहुधा मागं बसतात. मागून फक्त मुलांच्या पाठी आणि समोर शिक्षक दिसतात, मग निरीक्षण शिक्षकाचंच होतं. खुर्ची बाजूला, पहिल्या-दुसऱ्या ओळीच्या रेषेत घ्यावी. तिथून चेहरे, वह्या, बोटं दिसतात. आत जाण्याआधी तीन मुलं मनात निवडावीत, एक पुढचं, एक मधलं, एक कोपऱ्यातलं, आणि वीस मिनिटं दर दोन मिनिटांनी ती तिघं काय करतायत एवढंच लिहावं. ‘10.40, कोपऱ्यातली मुलगी शेजारणीच्या पाटीवरून उतरवते.’ ‘10.42, पेन्सिलीला टोक करते.’ चांगलं, वाईट, समाधानकारक हे शब्द त्या कागदावर नकोत. त्याच दिवशी दहा मिनिटं बोलायचं, तेही आपल्या खोलीत बोलावून नाही, वर्गातच, मुलं सुटल्यावर. आधी शिक्षकाला विचारायचं, आज धडा कुणापर्यंत पोचला असं वाटतं? मग कागद दोघांच्या मध्ये ठेवायचा. बहुतेक वेळा शिक्षक स्वतःच म्हणतात, ही मुलगी मला दिसलीच नाही. मग एकच बदल ठरवायचा आणि पुढच्या आठवड्यात त्याच तासाला येऊन तेवढाच बदल बघायचा.

एकच. पाच सूचना दिल्या की शिक्षक मान डोलावतो आणि एकही करत नाही.

हे मोडतं तेही ठरलेल्या कारणांनी. सगळ्यांच्या देखत चहाच्या वेळी सांगितलं जातं. किंवा तो कागद फायलीत लागतो आणि वर जातो. एकदा असं झालं की पुढच्या वेळी शिक्षक घोटवून ठेवलेला धडा दाखवतात. किंवा मुख्याध्यापक फक्त ‘कमजोर’ शिक्षकाच्याच वर्गात जातात, मग ते वर्गात येणं हीच शिक्षा ठरते. यावर एकच उपाय मला पटतो. मुख्याध्यापकानं पहिल्यांदा स्वतःचा वर्ग दाखवावा. इतरांपैकी कुणालातरी वीस मिनिटं कडेला बसवावं, तीन मुलांचा कागद लिहायला लावावा, आणि सगळ्यांसमोर तो वाचून आपण काय बदलणार ते सांगावं.

‘वेळ कुठाय?’ हा आक्षेप खरा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत 60 पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, आणि वेगळा मुख्याध्यापक 150 च्या वर मुलं झाल्यावर. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या, जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवर 60 मुलं हाच मोठा आकडा. तिथला मुख्याध्यापक म्हणजे प्रभारी शिक्षक, दोन-तीन इयत्ता सांभाळून अक्षरदासोहचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा तांदूळ-डाळीचा हिशोब, दूध, अंडी, एसएटीएस या मुलांच्या ऑनलाइन नोंदींची माहिती, बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी ऑफिसातून आलेला फोन, ग्रुपवर टाकायचे फोटो हे सगळं बघणारा. त्याला कोरडा उपदेश करून चालणार नाही. पण दोन गोष्टी अशा शाळेतही जमतात. पहिले दोन तास वाचनाचे आणि गणिताचे ठेवायचे, आणि त्या वेळात संगणक, फोन, हिशोबाची वही बंद. माहिती दुपारनंतर भरली तरी चालते, मुलं मात्र दुपारनंतर पेंगतात. आणि आठवड्यात एक तास असा, की एक शिक्षक सगळ्या मुलांना पटांगणात किंवा मोठ्या खोलीत गोष्ट वाचून दाखवतो, दुसरा कडेला बसून तीन मुलं बघतो. पुढच्या आठवड्यात अदलाबदल.

अनेक इयत्ता एकत्र असल्या की अडचण वेगळी. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला ‘धडा उतरवून काढा’ सांगितलं जातं, आणि वर्षाचा मोठा भाग उतरवण्यात जातो. कर्नाटकातली नली-कली, म्हणजे ‘आनंदानं शिका’ ही पद्धत याच प्रश्नातून आली. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात, आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेच्या पद्धतीवरून स्थानिक शिक्षकांनी ती घडवली. कार्ड, गट, शिडीसारखा टप्प्यांचा तक्ता. तिच्यातून घेण्यासारखं सूत्र सरळ आहे: शिक्षकाशिवाय करता येईल असं काम आधीच तयार हवं. प्रार्थनेआधी दुसऱ्या फळ्यावर ते लिहून ठेवावं. जोडीनं एकमेकांना वाचून दाखवणं, शब्दचिठ्ठ्या गटात लावणं, चित्राखाली तीन वाक्यं लिहिणं. काम वीस मिनिटांचं असावं. दहा मिनिटांत संपलं की गोंधळ सुरू होतो आणि बाई परत त्या बाजूला ओढल्या जातात. दोन इयत्तांची तोंडं वेगवेगळ्या भिंतींकडे असावीत.

सीमाभागातल्या मराठी शाळांना मदत कमी मिळते, आणि जी मिळते ती बहुतेक कन्नडमधून. परिपत्रक कन्नडमध्ये, प्रशिक्षण कन्नडमध्ये, 2022-23 मधल्या ‘कलिका चेतरिके’सारख्या, कोविडमध्ये बुडालेलं शिकणं भरून काढायच्या उपक्रमाची चर्चाही कन्नडमध्येच झाली. क्लस्टरमध्ये, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दोन-तीनच मराठी शाळा असल्या, तर भेट द्यायला येणाऱ्या सीआरपींना, म्हणजे त्या गटाच्या मार्गदर्शकांना, मराठी वाचता येईलच असं नाही. ते वर्गात बसले तरी मूल अडखळतंय कशावर, हे त्यांना ऐकू येणार नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात कुणा एका माणसाचा कसूर नसतो आणि तोटा मात्र सात-आठ वर्षांच्या मुलांचा होतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद घटनेच्या 350-क मध्ये 1956 पासून आहे. ती मागत राहिलंच पाहिजे. पण ती पुरी होईपर्यंत जवळपासच्या तीन-चार मराठी शाळांनी शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, महिन्यातून एकदा दीड तास एकत्र बसावं. विषय एकच घ्यावा: आपापल्या वर्गातल्या दोन मुलांचे वाचनाचे कागद, म्हणजे रेघा मारलेले उतारे. भाषण नको, अध्यक्ष नको. एका शाळेनं बनवलेल्या जोडाक्षरांच्या चिठ्ठ्या दुसरीनं उतरवून घ्याव्यात. कन्नडमधल्या शिक्षक हस्तपुस्तिकेतला एकेक भाग ज्याला चांगलं कन्नड येतं त्यानं तोंडी मराठीत सांगावा, बाकीच्यांनी लिहून घ्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं शिक्षकांसाठी वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितलाय. त्यातले दहा-पंधरा तास जरी असे गेले, तरी ते वर्गापर्यंत पोचतील.

वेळापत्रक इथल्या ऋतूंप्रमाणेच बांधावं लागतं. खानापूर-बेळगावकडे जुलैत भाताची लावणी, मोठी भावंडं शेतावर आणि धाकटं सांभाळायला तिसरीतली ताई घरी. चिक्कोडी, अथणी, रायबागकडे ऊसतोड सुरू झाली की हजेरीपटावर रिकामे चौकोन वाढतात. म्हणून पहिली वाचन चाचणी जूनमध्येच व्हावी, दुसरी लावणी आटोपल्यावर ऑगस्टअखेर, तिसरी दसऱ्याच्या सुट्टीनंतर आठवड्याभरानं. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या सभेत नावं न घेता आकडे सांगावेत: समजा तिसरीच्या बावीस मुलांपैकी नऊ जण उतारा वाचतात, सात शब्दांवर आहेत, सहा अजून अक्षरांवर. पालक एफए-एसएच्या, म्हणजे चाचण्या-परीक्षांच्या गुणांवर बोलत नाहीत, यावर बोलतात. ‘आमचा कशात हाय?’ असं सभेनंतर एकेक आई येऊन विचारते, आणि तेव्हा तिला घरी काय करायचं ते सांगता येतं: रोज दहा मिनिटं मूल मोठ्यानं वाचेल आणि ती जवळ बसेल. तिला स्वतःला वाचता येत नसलं तरी चालेल. ‘गोष्टीत काय झालं’ एवढं तिनं विचारावं.

राहता राहिली बदलीची गोष्ट. अतिथी शिक्षक जूनमध्ये येतात, वर्ष संपलं की जातात, कायम शिक्षकाची बदली होते, आणि मुलाबद्दल जे कळलं होतं ते त्यांच्याबरोबर निघून जातं. यासाठी प्रत्येक वर्गाची एक वही ठेवावी. मुलाला एक पान, वर तारीख आणि मिनिटाचा आकडा, खाली अडणारी अक्षरं, त्याखाली काय करून पाहिलं आणि कशानं फरक पडला. एप्रिलमध्ये निकालपत्रकाबरोबर ही वही पुढच्या वर्गशिक्षकाकडे सही घेऊन द्यावी. शिक्षक अजून यायचे असतील तर मुख्याध्यापकांनी ती आपल्याजवळ ठेवावी आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नव्या शिक्षकाबरोबर बसून वाचनात सगळ्यांत मागं असलेल्या सहा मुलांची पानं वाचावीत.